शंभर धावांनी पुढे, तरी स्पर्धेबाहेर: पाद्रेसच्या २०२३च्या हंगामाचा हिशेब

अमेरिकेतल्या बेसबॉलचा २०२३चा गुणतक्ता पहिल्यांदा बघणारा माणूस चक्रावतोच. सॅन डिएगो पाद्रेस या संघानं त्या हंगामात ७५२ धावा केल्या आणि ६४८ दिल्या. वर्षभराच्या बेरजेत प्रतिस्पर्ध्यांपेक्षा १०४ धावा जास्त. दोन लीगपैकी पाद्रेस ज्या नॅशनल लीगमध्ये आहेत, तिच्या १५ संघांत याहून मोठा फरक फक्त अटलांटा आणि लॉस एंजेलिस या दोघांचाच होता. तरी पाद्रेस बाद फेरीत पोचले नाहीत. मायामी मार्लिन्सनं केल्यापेक्षा ५७ धावा जास्त दिल्या होत्या, ॲरिझोना डायमंडबॅक्सनं १५ जास्त. हे दोन्ही संघ आत गेले, आणि ॲरिझोना तर वर्ल्ड सिरीज म्हणजे अंतिम लढत खेळलं.

मी पाद्रेसचा चाहता आहे. ‘एवढे महागडे खेळाडू घेऊनही तुमचा संघ ऐन वेळी का लटपटतो?’ हा प्रश्न मला भारतातल्या क्रिकेटवेड्या मित्रांनी विचारलाय आणि इथल्या शेजाऱ्यांनीही. माझं मत आधीच सांगतो. तो संघ चांगला होता. ‘पैसा आहे पण जिगर नाही’ हे जे त्याच्या कपाळी लिहिलं गेलं, ते अन्यायाचं आहे. ते का, हे समजायला बेसबॉलचं फारसं ज्ञान लागत नाही. साधी बेरीज-वजाबाकी पुरते.

आधी खेळाबद्दल गरजेपुरतं

बेसबॉलमध्ये दोन्ही संघ आळीपाळीनं नऊ-नऊ वेळा बॅटिंगला येतात. तीन खेळाडू बाद झाले की पाळी संपते, आणि दोन्ही संघांची एकेक पाळी मिळून एक इनिंग होते. बॅटर चारही बेस फिरून परत आला की एक धाव. सामन्यामागे एकेका संघाच्या सरासरी चार-पाच धावा होतात. सामना बरोबरीत सुटत नाही. नऊ इनिंगनंतर धावा समान असतील तर निकाल लागेपर्यंत खेळत राहायचं.

हंगाम लांबलचक असतो: मार्चअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येक संघाचे १६२ सामने. दोन लीग, प्रत्येकी १५ संघ. २०२२पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ बाद फेरीत जातात: तीन गटविजेते, आणि उरलेल्यांपैकी सर्वांत जास्त सामने जिंकलेले तीन. या दुसऱ्या तिघांच्या जागेला ‘वाइल्ड कार्ड’ म्हणतात.

आणखी एक गोष्ट क्रिकेटच्या सवयीमुळे ध्यानात येत नाही. इथे उत्तम संघही भरपूर हरतो. २०२३मध्ये सर्वांत जास्त सामने जिंकणाऱ्या अटलांटानं १०४ जिंकले, म्हणजे ५८ हरले. सर्वांत तळाच्या ओकलंडनंसुद्धा ५० जिंकले. राजा आणि रंक यांच्यातलं अंतर एवढंच. त्यामुळे ८४ विजय आणि ८२ विजय यांत खेळाच्या दर्जाचा फरक जवळजवळ नसतो, पण एकाला तिकीट मिळतं आणि दुसरा घरी बसतो. पाद्रेसचे ८२ होते. मायामी आणि ॲरिझोनाचे प्रत्येकी ८४.

धावांचा फरक कशासाठी बघायचा?

आयपीएल बघणाऱ्याला नेट रन रेट समजावायची गरज नाही. २०२४मध्ये बंगळुरू आणि चेन्नई दोघांचे १४ गुण झाले आणि रन रेटवर बंगळुरू आत गेलं, हे आठवत असेल. तिथे धावांच्या फरकाला नियमातच किंमत आहे. बेसबॉलच्या गुणतक्त्यात तो फरक छापलेला असतो, पण त्यावर काहीच ठरत नाही. दोन संघांचे विजय समान असले तर आधी त्यांच्या आपसातल्या सामन्यांचा निकाल बघतात. १०४ धावा पुढे असल्याबद्दल पाद्रेसना अर्धा गुणही मिळणार नव्हता.

मग तो बघायचा कशासाठी? संघ खरोखर किती चांगला आहे हे ओळखण्यासाठी. एखाद्या किराणा दुकानदाराचा धंदा कसा चाललाय हे ठरवताना तुम्ही वर्षाचा एकूण नफा बघाल, की किती दिवस गल्ल्यात फायदा झाला एवढंच मोजाल? दोनशे दिवस दहा-दहा रुपयांचा तोटा आणि उरलेले दिवस हजार-हजारांचा फायदा, असा दुकानदार दिवस मोजले तर बुडालेला दिसेल. बेसबॉलचा गुणतक्ता दिवस मोजतो. धावांचा फरक वर्षाचा गल्ला मोजतो.

या गल्ल्यावरून विजयांचा अंदाज बांधायची रीत बिल जेम्स या माणसानं रूढ केली. कॅन्सासमध्ये डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी असताना त्यानं बेसबॉलच्या आकड्यांवर लिहायला सुरुवात केली आणि पुढे साऱ्या खेळाची विचार करायची पद्धतच बदलून टाकली. त्याचं सूत्र असं: केलेल्या धावांचा वर्ग घ्या, दिलेल्या धावांचा वर्ग घ्या. पहिल्याला दोन्हींच्या बेरजेनं भागा. जे येईल ते जिंकण्याचं प्रमाण. वर्ग आले म्हणून याला पायथॅगोरसचं सूत्र म्हणायची पद्धत पडली, भूमितीशी त्याचा तसा संबंध नाही.

करून बघू. ७५२चा वर्ग ५,६५,५०४. ६४८चा वर्ग ४,१९,९०४. भागाकार साधारण ०.५७४. त्याला १६२नं गुणलं की ९३ विजय. वर्गाऐवजी किंचित लहान घात घेणारी सुधारित पद्धत आहे, ती ९२ सांगते. प्रत्यक्षात ८२. म्हणजे दहा विजय कुठेतरी गळाले. मायामीला हेच सूत्र लावलं तर ७४-७५ विजय येतात, त्यांच्या पदरात पडले ८४.

गळती नेमकी कुठे झाली?

एका धावेनं निकाल लागलेल्या सामन्यांत. असे ३२ सामने पाद्रेसच्या वाट्याला आले. त्यांतले ९ जिंकले, २३ हरले. मायामीनं असे ३३ जिंकले आणि १४ हरले.

हे ३२ बाजूला काढले तर उरलेल्या १३० सामन्यांत पाद्रेस ७३ जिंकले, ५७ हरले. हाच वेग १६२ सामन्यांना लावला की ९१ विजय होतात, म्हणजे सूत्राच्या अंदाजाच्या अगदी जवळ. मला ही जुळणी फार बोलकी वाटते. रोग संघभर पसरलेला नव्हता, एकाच ठिकाणी होता.

आणि हवे किती होते? ३२ पैकी १२ जिंकले असते तरी ८५ विजय झाले असते. निम्मे नकोत, १२ पुरे होते.

एका धावेचा सामना म्हणजे काय, हेही बघा. पाद्रेसच्या घरच्या मैदानावर, पेटको पार्कवर, डाव्या कोपऱ्यात वेस्टर्न मेटल सप्लायची जुनी विटांची इमारत उभी आहे. मैदान बांधताना ती पाडली नाही, उलट तिचा कोपराच फाउलच्या, म्हणजे मैदानाची हद्द दाखवणाऱ्या, खांबाचं काम करतो. चेंडू त्या कोपऱ्याच्या उजवीकडून गेला तर होमरन, म्हणजे षटकारासारखा थेट बाहेर मारलेला फटका आणि हमखास धाव; डावीकडून गेला तर नुसताच फाउल, धाव नाही. अशा वितभर अंतरावर जे सामने फिरतात, त्यांत बरा संघ आणि साधारण संघ यांची ताकद फारशी वेगळी दिसत नाही.

३२ वेळा नाणं उडवलं आणि छापा ९ किंवा त्याहून कमी वेळा पडला, याची शक्यता साधारण एक टक्का असते. फार कमी, पण संघ ३० आहेत. तीन-चार वर्षांतून एखाद्या संघाच्या नशिबी हे यायचंच. २०२३मध्ये ते आमच्या नशिबी आलं.

दहावी इनिंग, आणि दुसऱ्या बेसवरचा फुकटचा धावक

याहून जिव्हारी लागणारा आकडा जादा इनिंगचा. पाद्रेसचे १४ सामने नऊ इनिंगपलीकडे गेले. त्यांतले पहिले बाराच्या बारा ते हरले. विजय आले ते हंगामाच्या शेवटी, आणि तेही दोनच. सलग बारा वेळा नाणं विरुद्ध पडण्याची शक्यता ४,०९६त एक. अर्थात जादा इनिंगचे बरेच सामने एका धावेनंच संपतात, म्हणून ही दोन दुःखं वेगवेगळी धरून बेरीज करू नये. बरंचसं एकच आहे.

इथे एक नियम कळायला हवा. पूर्वी दहावी इनिंग पहिल्यासारखीच, मोकळ्या बेसनी सुरू व्हायची. २०२०पासून दर जादा इनिंगला बॅटिंग करणाऱ्या संघाचा एक धावक दुसऱ्या बेसवर आयताच उभा करतात, सामने लांबू नयेत म्हणून. २०२३मध्ये हा नियम कायमचा झाला.

त्यामुळे खेळ कसा बदलतो ते पाहा. पाहुणा संघ आधी बॅटिंगला येतो. पहिला बॅटर उजव्या बाजूला हळू घरंगळता चेंडू मारतो आणि स्वतः बाद होतो, पण धावक तिसऱ्या बेसवर सरकतो. दुसरा बॅटर उंच, लांब चेंडू मारतो. झेल घेतला जातो, पण झेल होताच तिसऱ्या बेसवरचा धावक पळत सुटतो. एक धाव. एकही खणखणीत फटका न बसता संघ पुढे. आता आपली पाळी. आपलाही धावक दुसऱ्या बेसवर, एकही बाद नाही. पहिला बॅटर मोठा फटका मारायला जातो आणि चेंडू हुकवून बाद. धावक जागेवरच. दुसरा तसाच. तिसऱ्याचा चेंडू आकाशात चढतो आणि मैदानातच कुणाच्यातरी ग्लोव्हमध्ये पडतो. सामना संपला. त्या उन्हाळ्यात आम्ही हे इतक्या वेळा बघितलं की नववी इनिंग बरोबरीत सुटली की माझ्या पोटात गोळा यायचा.

‘मोठे विजय मिळवून फरक फुगवला असेल’

हा आक्षेप रास्त आहे. एप्रिलअखेरीस मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत पाद्रेसनी सॅन फ्रान्सिस्कोला १६-११ हरवलं, तेव्हा दोन्ही बाजूंनी चेंडू नुसते उडत होते. असे सामने बेरीज फुगवतात हे खरं. पण फरक फक्त दोन-चार धो-धो सामन्यांतून आला असता, तर बाकीच्यांत संघ रडतखडत चालला असता. तसं झालं नाही. दोन किंवा जास्त धावांनी निकाल लागलेल्या सगळ्या सामन्यांत मिळून ७३-५७ ही कामगिरी बाद फेरीत सहज नेणारी आहे. शिवाय फरकाचा मोठा भाग धावा रोखण्यातून आला होता. ब्लेक स्नेलनं दर नऊ इनिंगमागे फक्त २.२५ धावा दिल्या आणि सर्वोत्तम पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, साय यंग पुरस्कार पटकावला. ते काम रोजच्या रोज करावं लागतं.

‘दडपण आलं की कच खातात’

हा आरोप मला सर्वांत जास्त खुपतो, कारण तो खेळाडूंच्या स्वभावावर आहे. वान सोतो १६२च्या १६२ सामने खेळला, ३५ होमरन मारले, १३२ वेळा वॉक मिळवला, म्हणजे संयमानं वाईट चेंडू सोडून पहिला बेस गाठला. हा-सॉन्ग किम आणि फर्नांडो तातीस ज्युनियर यांना क्षेत्ररक्षणाचे गोल्ड ग्लोव्ह मिळाले. आणि अशी माणसं नेमकी शेवटच्या इनिंगमध्ये डरपोक होतात?

स्वभाव असेल तर तो दरवर्षी दिसायला हवा. बाल्टिमोर ओरिओल्सकडे बघा. २०१२मध्ये एका धावेचे २९ सामने जिंकून ते फक्त ९ हरले आणि जादा इनिंगमध्ये १६-२ राहिले. त्यांच्या खंबीरपणाचे गोडवे तेव्हा सगळीकडे गायले गेले. पुढच्याच वर्षी, जवळपास तोच संघ आणि तोच मॅनेजर (बेसबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाला असं म्हणतात) घेऊन, एका धावेच्या सामन्यांत ते २०-३१ झाले. खंबीरपणा एका हिवाळ्यात आटत नाही.

आमच्याकडे उलटं घडलं. २०२४मध्ये पाद्रेसनी ७६० धावा केल्या, ६६९ दिल्या. फरक ९१, म्हणजे २०२३पेक्षा थोडा कमीच. विजय मात्र ८२वरून ९३. तोपर्यंत सोतो न्यूयॉर्क यांकीजकडे गेला होता, स्नेल सॅन फ्रान्सिस्कोकडे, शेवटची इनिंग सांभाळणारा जॉश हेडर ह्यूस्टनकडे, आणि मॅनेजर बॉब मेल्विनही सॅन फ्रान्सिस्कोकडे. नावं बघितली तर संघ कमजोर झाला होता. गल्ला जवळपास तेवढाच होता, फायद्याचे दिवस अकरानं वाढले. २०२३चा निकाल संघाच्या ताकदीचं खरं माप नव्हता, याला याहून चांगला पुरावा मला सापडत नाही.

मग सगळा दोष नशिबाचाच का?

नाही, आणि चाहता म्हणून हे कबूल करायला जड जात असलं तरी म्हणायलाच हवं. एका धावेच्या सामन्यांत दोन गोष्टींना थोडं जास्त वजन येतं आणि त्या दोन्हींत २०२३चा पाद्रेस तोकडा होता.

पहिली गोष्ट बुलपेन, म्हणजे सुरुवातीचा पिचर थकल्यावर येणाऱ्या पिचरांची फळी. हेडर जबरदस्त होता, दर नऊ इनिंगमागे १.२८ धावा. पण तो वर्षभरात ६१ सामने खेळला आणि ५६ इनिंगच टाकल्या. तो शेवटच्या इनिंगचा माणूस, सातव्या-आठव्या इनिंगला त्याचा उपयोग नाही. तिथे त्याच्या तोडीचा भरवशाचा हात नव्हता. दुसरी गोष्ट राखीव बॅटर. वयाच्या बेचाळिशीत आणलेल्या नेल्सन क्रूझला जुलैमध्ये सोडून द्यावं लागलं. कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) ऑस्टिन नोलाची बॅटिंगची सरासरी .१४६वर, म्हणजे हजार प्रयत्नांत १४६ यशस्वी फटक्यांवर घसरली. वरच्या चार-पाच बॅटरांवर अफाट खर्च आणि खालच्या जागांवर काटकसर, असा तो संघ होता. आठव्या इनिंगला दोन धावक बेसवर असताना बॅटिंगला कोण येईल हे बहुतेक ठरलेल्या क्रमावर अवलंबून असतं, आणि आमच्याकडे ती पाळी बरेचदा खालच्या बॅटरांवर आली.

जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर यांनी हे ओळखलं असावं. जुलै २०२४मध्ये त्यांनी टॅनर स्कॉट आणि जेसन ॲडम हे बुलपेनमधले दोन तगडे पिचर आणले. दहा हरवलेल्या विजयांपैकी दोन-तीन या उणिवांच्या खात्यात टाकायला मी तयार आहे. बाकीचे नाही.

‘एवढा पैसा ओतायची गरज काय होती?’

मॅनी मचाडोचा करार ११ वर्षांचा, ३५ कोटी डॉलरचा. झँडर बोगार्ट्सचा ११ वर्षांचा, २८ कोटींचा. तातीसचा १४ वर्षांचा, ३४ कोटींचा. २०२३च्या सुरुवातीला पाद्रेस हा सर्वांत जास्त पगार देणाऱ्या तीन संघांपैकी एक होता, न्यूयॉर्कच्या दोन संघांच्या पाठोपाठ. सॅन डिएगो हे काही न्यूयॉर्क नाही. संघ १९६९चा, वर्ल्ड सिरीज आजवर एकदाही जिंकलेली नाही. १९८४ आणि १९९८ला तिथवर पोचून हरला. अमेरिकन फुटबॉलचा चार्जर्स संघ २०१७मध्ये शहर सोडून गेल्यावर मोठ्या खेळांत आम्हाला उरला तो हाच.

मालक पीटर सायडलर यांनी पैसा ओतला तो या शहरासाठी. कर्करोगातून दोनदा उठलेला हा माणूस. छोट्या बाजारपेठेतल्या मालकानं हात आखडता घ्यावा, ही त्या धंद्याची रीत त्यांनी मानली नाही. आणि शहरानंही साथ दिली: २०२३च्या त्या निराश हंगामात पेटको पार्कवर ३२ लाखांहून जास्त प्रेक्षक आले. हंगाम संपून दीड महिनाही झाला नव्हता तेव्हा, १४ नोव्हेंबर २०२३ला सायडलर गेले. त्यांच्या हयातीतल्या शेवटच्या संघाला लोक ‘फसलेला प्रयोग’ म्हणतात, ते मला सहन होत नाही. पैशानं संघ चांगला होतो आणि तो झाला होता. १०४ धावांचा फरक हेच त्या पैशाचं फळ. एका धावेचे सामने कोण जिंकेल, एवढं मात्र कुठल्याही चेकनं विकत मिळत नाही.

ॲरिझोना तर अंतिम लढतीत पोचलं, त्याचं काय?

ॲरिझोना बाद फेरीत आलं, मिल्वॉकीला दोनच सामन्यांत आणि १०० विजय मिळवलेल्या लॉस एंजेलिसला तीनच सामन्यांत घरी पाठवलं, फिलाडेल्फियाला सात सामन्यांत हरवलं आणि शेवटी टेक्सासकडून ४-१ हरलं. त्यांनी ते मैदानात कमावलं, त्याबद्दल मनात काही नाही. पण १६२ सामन्यांत जे आकडे पुरेसे स्थिरावत नाहीत, ते पाच-सात सामन्यांत काय स्थिरावणार? बाद फेरी कोण जिंकला ते सांगते, सर्वांत चांगला संघ कोण ते सांगेलच असं नाही. आमच्यासारखेच हळहळणारे शिकागोतही आहेत. तिथल्या कब्ज संघाचा फरक ९६ धावांचा, विजय ८३, आणि तेही बाहेरच राहिले.

नव्या हंगामात एखादा संघ जून महिन्यात ‘कोसळला’ अशी बातमी वाचली तर गुणतक्त्यात धावांच्या फरकाचा रकाना शोधा. जिंकलेल्या-हरलेल्या सामन्यांच्या बरेच उजवीकडे, ‘डिफ’ अशा तुटक नावानं तो असतो. तिथे मोठी अधिक संख्या असेल आणि एका धावेच्या सामन्यांची नोंद वाईट असेल, तर त्या संघाच्या चाहत्यांना माझा निरोप द्या: तिकिटं परत करू नका.